ओरिजिनल सीडी हातात आहे तरी गेम म्हणतोय ओरिजिनल सीडी टाका!!

सोलापुरी_पोरगं:
मित्रांनो डोकं फिरायची वेळ आलीय. दादाच्या कॉलेजच्या काळातला एक रेसिंग गेम घरात आहे, नवी पेठेतनं बिलासकट घेतलेला, सिरीयल नंबरचं स्टिकरपण शाबूत. नव्या लॅपटॉपला ड्राइव्हच नाही म्हणून यूएसबीवाला मागवला, इन्स्टॉल नीट झालं, पण आयकॉनवर क्लिक केलं की ड्राइव्ह घर्र करतोय, लाइट लुकलुकतोय आणि मग मेसेज, ओरिजिनल डिस्क टाका. अरे आत काय भजनाची सीडी आहे का?? ॲडमिनिस्ट्रेटरनं रन केलं, जुन्या विंडोज एक्सपीच्या कंपॅटिबिलिटी मोडवर टाकलं, ढिम्म. म्हटलं जाऊ दे, डिजिटल घेऊ, तर तो कुठं विकायलाच नाही. शेवटी एका परदेशी साइटवर गेमची की, म्हणजे चालू करायचा कोड, मिळाली, पैसे भरले, टाकली तर म्हणतंय ही की तुमच्या देशात चालत नाही. पैसे घेताना बरा देश दिसला नाही ह्यांना. कुणाला काही सुचतंय का?

जुळे_सोलापूर_पीसी:
तुझी सीडी चांगली आहे रे, घोळ विंडोजमध्ये आहे. त्या काळातल्या लई गेमांवर सेफडिस्क नावाचं कॉपी प्रोटेक्शन असायचं, ते विंडोजच्या आत secdrv.sys नावाचा ड्रायव्हर वापरून सीडी खरी का खोटी बघायचं. त्या ड्रायव्हरमधनं सिस्टिममध्ये घुसता येतंय म्हणून मायक्रोसॉफ्टनं २०१५ मध्ये विंडोज १० मधनं तो काढला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरच्या अपडेटनं ७ आणि ८ वर पण बंद केला. ७ वर ती सर्व्हिस हातानं परत चालू करता येते, १० आणि ११ वर ड्रायव्हरच नाही म्हटल्यावर कंपॅटिबिलिटी मोड काय करणार. घरी जुना एक्सपीवाला पीसी असला तर त्याच्यावर टाक, फक्त त्याला नेट जोडू नको. व्हर्च्युअल मशीनच्या, म्हणजे पीसीच्या आत दुसरा पीसी चालवायच्या, नादी लागू नको, थ्रीडी गेम रडत चालतात.

नाइट_शिफ्ट:
रेसिंग गेम स्टोअरवरनं गायब व्हायचं कारण म्हणजे गाड्यांची आणि गाण्यांची लायसन्सं. ती ठराविक वर्षांची असतात, संपली की विक्री बंद. फोर्झा होरायझन ४ पण डिसेंबर २०२४ मध्ये असाच काढला, ज्यांनी आधी घेतलाय ते खेळतात, नव्यानं मिळत नाही. तो निदान चालतोय तरी, द क्रू ह्या गेमचे तर ३१ मार्च २०२४ ला सर्व्हरच बंद केले, एकटं खेळायचं म्हटलं तरी चालत नाही. त्यावरनंच युरोपात सह्यांची मोहीम झाली, दहा लाखांच्या वर गेल्या.
की चं म्हणशील तर काही देशांत गेम स्वस्त विकतात आणि तिथली की बाहेर चालू नये म्हणून लॉक करतात. विकणाऱ्याच्या पानावर देशाची अट लिहिली नसेल तर स्क्रीनशॉट काढून रिफंड माग, नाही दिला तर कार्डवाल्या बँकेकडं डिस्प्यूट टाक.

काय_बे:
एवढं कशाला करालाय बे. टोरेंटवरनं चोरीचा गेम उतरवणारा पोरगा कवाच खेळून झोपला, आणि बिल जपून ठेवणारा इथं प्रश्न विचारत बसलाय 😂

जुळे_सोलापूर_पीसी:
@काय_बे हसतोस खरं, पण माझ्याकडं रिपेअरला येणाऱ्या पीसीत अशा क्रॅकमधनं, म्हणजे लॉक तोडलेल्या गेममधनं, आलेला कचराच जास्त असतोय. ज्याचा पासवर्ड जातो तो हसत नाही.

सोलापुरी_पोरगं:
बरं झालं सांगितलं, मी सीडी घासून घासून पुसत होतो. एक्सपीवाला पीसी माळ्यावर आहे, पण मॉनिटर जुन्या निळ्या पिनचा होता तो भंगारात गेला आणि नव्या टीव्हीला नुसतं एचडीएमआय. सोलापुरात तो कन्व्हर्टर कुठं मिळेल? रिफंडचा मेल टाकलाय, उत्तर नाही अजून.

जुळे_सोलापूर_पीसी:
नवी पेठेत विचार, पण व्हीजीए टू एचडीएमआय म्हणून माग, उलटा देतील तर चालणार नाही. आवाजाची वायर वेगळी लागंल.