दंडवते नुसते हसवायचे? सोन्याच्या तारखा आधी बघा

देवगडकर : काल एकाने इथे लिहिलं, ‘दंडवते लोकसभेत विनोद करत बसले आणि देशाचं सोनं बाहेर गेलं.’ वाचून डोकं फिरलं. मधु दंडवते अर्थमंत्री होते डिसेंबर १९८९ ते नोव्हेंबर १९९०. परकीय चलन संपत आलं म्हणून पहिलं २० टन सोनं परदेशात गेलं मे १९९१ मध्ये, चंद्रशेखर सरकार असताना. ४७ टन गहाण गेलं जुलैत, नरसिंह रावांच्या काळात. तिजोरी हातात आली तीच कर्जाने वाकलेली. त्यात ऑगस्टमध्ये इराक कुवेतमध्ये घुसला, तेल दुपटीवर गेलं. कणकवलीच्या सभेत मी त्यांना महागाईवर बोलताना ऐकलंय. लोक पोट धरून हसले आणि घरी जाताना त्यांनी दिलेले आकडे बोलत गेले. ह्याला टवाळी म्हणता?

लांजेकर : तारखा पाठ आहेत, छान. आणि त्यांच्याच काळातली १० हजारांपर्यंतची शेतकरी कर्जमाफी? माझे वडील काजूचे पैसे आले की आधी गावच्या शेतकी सोसायटीत कर्जाचा हप्ता भरायचे. माफीची यादी सोसायटीच्या दारावर लागली, त्यात जीप घेऊन फिरणारे बागायतदार! वडिलांनी खिशातली पावती काढली, बघितली, परत घडी घातली. तेव्हापासून वेळेत हप्ता भरणारा आमच्या गावात खुळा ठरला. तुमचं हसणं तुम्हाला लखलाभ.

कुडाळवाली : ह्या माणसाने रेल्वेमंत्री असताना सेकंड क्लासच्या लाकडी फळीवर फोम घातला, कोकण रेल्वेसाठी आयुष्यभर भांडला, ते कोण बोलणार? जमिनी आमच्या गेल्या आणि लांबच्या गाड्या आमच्या स्टेशनातून शिट्टी मारत जातात. गणपतीचं तिकीट डोळ्यांदेखत संपतं. अजून बराचसा मार्ग एकेरी!

लांजेकर : ताई, विषय अर्थमंत्र्याचा आहे. थांब्यांचं रडगाणं दुसरीकडे.

कुडाळवाली : रडगाणं? चतुर्थीला म्हातारी आई घेऊन जनरलच्या दारात उभे राहा एकदा, मग बोला! पाच वेळा निवडून दिलेल्या त्याच माणसाला १९९१ मध्ये राजापूर मतदारसंघाने पाडलं. दिल्लीत आमच्यासाठी भांडणारा तसा कोण राहिला?

देवगडकर : ताईंशी नीट बोला. कर्जमाफीने सोसायट्यांची वसुली बिघडली, हे मान्य. ते वचन तेव्हाच्या राष्ट्रीय आघाडीचं होतं, पण सही त्यांची, तेव्हा दोषही त्यांचा. सोनं मात्र त्यांच्या नावावर मांडू नका.

लांजेकर : बरं, सोनं वगळा. वडिलांची पावती वगळणार नाही.

कुडाळवाली : आणि थांब्यांचं कोणीच बोलू नका!