मासेमारीबंदीत बॅटऱ्या घरी न्याव्यात की ट्रॉलरवरच ठेवाव्यात?

बेतूलचा तांडेल:
गोव्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी. दिवे, जीपीएस, वायरलेस चालवणाऱ्या बॅटऱ्या त्याआधी उतरवून घरी न्याव्यात, हे माझं ठाम मत. शिशाची बॅटरी अर्धवट चार्जवर पडून राहिली की प्लेटांवरचं सल्फेट कडक होतं, आणि गेलेली क्षमता मग पूर्ण परत येत नाही. घरी १४.४ व्होल्टवर चार्ज करा. १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीचा करंट तीनेक अँपिअरवर उतरेपर्यंत चार्जर काढू नका. रात्रभर विसावल्यावर मीटरवर १२.७ व्होल्ट दिसले पाहिजेत. महिन्याने पुन्हा एकदा चार्ज. डिस्टिल्ड वॉटर चार्जिंगनंतरच भरा, नाहीतर पातळी चढून आम्ल बाहेर येतं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर मात्र त्या बुडतील एवढं आधी घाला.

मालीम जेटी:
अजिबात पटत नाही. तेवढी ट्यूब्युलर (नळीसारख्या प्लेटांची शिशाची) बॅटरी पन्नास किलोच्या आसपास भरते. ओल्या फळीवरून उतरवताना कलली की आम्ल सांडलंच. आणि ट्रॉलर पाण्यात उभा असेल तर बिल्ज पंप, म्हणजे तळात साचलेलं पाणी उपसणारा पंप, कशावर चालवणार? ४० वॅटचं सोलर पॅनेल आणि चार्जिंग सांभाळणारा कंट्रोलर बसवा. बॅटरी आपोआप उतरते ती महिन्याला ५ टक्के धरा, म्हणजे साडेसात अँपिअर-अवर. तेवढं ढगाळ दिवसांतही सहज भरून निघतं.

बेतूलचा तांडेल:
यात पंपाचा हिशेब कुठे आहे? ४ अँपिअरचा पंप रोज दोन तास चालला तर ८ अँपिअर-अवर गेले. पावसात ४० वॅटचं पॅनेल जेमतेम तेवढंच देईल, तेही ताडपत्रीच्या वर बांधलं असेल तरच. पाणी चढलं की पंप चालू करणारा फ्लोट स्विच कचऱ्यात अडकला तर एका दिवसात ९६ अँपिअर-अवर संपतात! शिवाय कंट्रोलर भरलेली बॅटरी ज्यावर धरून ठेवतो त्या नुसत्या १३.६ व्होल्टवर आम्ल ढवळत नाही. जड आम्ल तळाशी बसतं आणि प्लेटा खालून खराब होतात.

वास्को वायरिंग:
दोघंही शिशालाच धरून बसला आहात. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी घ्या, ५०-६० टक्के चार्जवर आणा, मुख्य स्विच बंद करा, निगेटिव्ह वायर सोडवा. दोन महिने बघायचीही गरज नाही.

मालीम जेटी:
ठेवायला सोपी, पण ऑगस्टमध्ये इंजिन सुरू केल्यावर काय? लिथियम बॅटरी अल्टरनेटरमधून (इंजिनावर चालणाऱ्या जनित्रातून) मिळेल तेवढा करंट ओढते, आणि इंजिन हळू फिरत असताना त्याच्या पंख्याची हवा पुरत नसल्याने वाइंडिंग तापतं. बीएमएसने, म्हणजे लिथियम बॅटरीतल्या संरक्षक सर्किटने, मध्येच जोडणी तोडली की व्होल्टेज उसळून अल्टरनेटरचे डायोड जातात. अल्टरनेटर स्टार्टरच्या शिशाच्या बॅटरीलाच जोडा आणि लिथियमला करंट ३० अँपिअरवर रोखणाऱ्या डीसी-डीसी चार्जरमधून द्या. तो खर्च धरूनच किंमत सांगा.

तांडेलांचं पंपाचं म्हणणं मात्र मान्य. मग पॅनेल १०० वॅटचं घ्या, पंपाला वेगळी बॅटरी द्या, बाकीच्यांचे निगेटिव्ह सोडवा. आम्ल ढवळायला महिन्यातून एकदा जेटीच्या विजेवर पूर्ण चार्ज द्या, बॅटरीच्या पेटीचं झाकण उघडं ठेवून, कारण तेव्हा हायड्रोजन निघतो. बॅटऱ्या उचलायचं कारणच उरत नाही.

बेतूलचा तांडेल:
जेटीवर विजेचा पॉइंट असेल तर. नसेल तिथे उतरवाव्याच लागतील.