मलेरियाची अँटीबॉडी टेस्ट करावी का? गडचिरोलीकडच्यांनी सांगा

मोहफूल
नमस्कार मंडळी. आमचं गाव धानोरा तालुक्यात, जंगलाला लागून. रोवणा सुरू आहे आणि लहान भाऊ चार दिवसांपासून थंडीतापाने पडून आहे. एका खाजगी लॅबमध्ये नेलं तर त्यांनी ‘मलेरिया अँटीबॉडी’ केली. आयजीजी (अँटीबॉडीचाच एक प्रकार) पॉझिटिव्ह. आठशे रुपये गेले. लॅबवाला म्हणतो गोळ्या सुरू करा. आई म्हणते, याला दोन वर्षांआधी मलेरिया झालाच होता, तोच दिसत असेल. कोणाचं ऐकू जी? आम्हा बाकी चौघांचीही करून घ्यावी का?

काचपट्टी
आईचं ऐका. पंधरा वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसतोय म्हणून सांगतो. अँटीबॉडी म्हणजे शरीराने मलेरियाच्या जंतूशी कधीतरी झुंज दिल्याची खूण. जंतू गेला तरी ती महिनोन्‌महिने राहते, कधी वर्षानुवर्षं. आपल्याकडे धडधाकट चिखलणी करणाऱ्याचीही पॉझिटिव्ह येईल. बरं, ताप नवा असेल तर सुरुवातीचे काही दिवस अँटीबॉडी तयारच झालेल्या नसतात, त्यामुळे निगेटिव्ह आली तरी भरवसा नाही. सर्वेक्षणाला उपयोग आहे, कोणत्या गावात जंतू किती फिरून गेला ते कळतं. तापाच्या माणसाला नाही.

आशाताईकडचं किट वेगळं. ते अँटिजेन शोधतं, म्हणजे जंतूचाच अंश. बोट टोचून एक थेंब, पंधरा-वीस मिनिटांत रेषा. एक मेख त्यातही आहे: औषध पूर्ण झालं तरी फाल्सिपेरम या मलेरियाच्या प्रकाराची रेषा काही आठवडे दिसत राहू शकते. म्हणून काचपट्टीही काढाच, म्हणजे काचेवर रक्ताचा थेंब घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी. सरकारी दवाखान्यात दोन्ही फुकट. बाकी चौघांना ताप नाही ना? मग पैसे राहू द्या.

बांधीवाला
माझ्या साळ्याचं हेच झालं होतं. अँटीबॉडी पॉझिटिव्ह, मलेरियाच्या गोळ्या, आठवडा गेला, ताप तिथंच. शेवटी एका डॉक्टरने अंगावरचा सदरा काढायला लावला. काखेत काळी खपली, विडीने चटका दिल्यासारखी. स्क्रब टायफस, गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने येणारा ताप! २०१८ मध्ये नागपूरकडे केवढे रुग्ण निघाले होते, आठवतं ना? डॉक्सिसायक्लिनवर दोन दिवसांत उठून बसला. भावाची काख, कंबर, जांघ बघून घ्या. गवतात बसणं-उठणं असतंच आपलं.

काचपट्टी
बरोबर. आणि घरात कोणाला सिकलसेल असेल तर ते आधी सांगा, अशा माणसाचा ताप घरी ठेवायचा नसतो. भाऊ बरळत असेल, लघवी काळपट होत असेल, उलट्या थांबत नसतील, तर किटचीही वाट न पाहता थेट रुग्णालय.

मोहफूल
खपली नाही, सिकलसेलही नाही. सकाळी आशाताई आल्या. किटवर नुसती ‘सी’ची रेषा, म्हणजे निगेटिव्ह, तरी त्यांनी काचपट्टी घेऊन आरोग्य केंद्रात पाठवली. आत्ताच निरोप आला, पीव्ही, म्हणजे व्हायवॅक्स मलेरिया निघाला. क्लोरोक्विन तीन दिवस आणि प्रायमाक्विन चौदा दिवस. पण आई म्हणते ताप उतरला की गोळ्या बंद, पोटात जळजळते.

काचपट्टी
इथे मात्र आईचं ऐकू नका! व्हायवॅक्स यकृतात लपून बसतो, प्रायमाक्विन त्याच्यासाठीच. अर्धवट सोडलं तर पुन्हा उलटू शकतो. जेवून घ्यायची, उपाशीपोटी नाही. जी६पीडी हे रक्तातलं एन्झाइम कमी असेल तर प्रायमाक्विन सोसत नाही, त्याचं मात्र डॉक्टरांना विचारा, आणि लघवी काळी दिसली तर लगेच थांबवून दवाखाना गाठा.

मोहफूल
कॅलेंडरवर चौदा खुणा करून ठेवल्या. अँटीबॉडीचा कागद आईने चुलीत घातला.