आईचे डोळे जपायला खाण्यात नेमकं काय बदलू?

नौपाड्याची_लेक:
आईला ६८ पूर्ण, शुगर ११ वर्षांपासून. मावशीच्या डोळ्याचा पडदा वयामुळे झिजला, आता तिला कडेकडेचं दिसतं पण समोरच्याचा चेहराच दिसत नाही, मधोमध डाग. तेव्हापासून आई घाबरलीय आणि रोज सकाळी मोठा ग्लास भरून गाजराचा ज्यूस घेते, कारण ग्रुपवर कुणीतरी टाकलं की त्याने चष्मा जातो. मेडिकलवाला म्हणतो ल्युटीनच्या गोळ्या सुरू करा. काय करू?

नेरूळची_वहिनी:
अगं ज्यूस आधी बंद कर, शुगर आहे ना त्यांना! चोथा जातो आणि साखर राहते, त्यापेक्षा गाजराची कोशिंबीर दे. चष्म्याचा नंबर काही खाऊन जात नाही. पडद्याला लागणारं ल्युटीन हिरव्या पाल्यात भरपूर असतं, पालक, मेथी, शेवग्याचा पाला, शिवाय अंड्याचा पिवळा बलक. फोडणीत तेल हवंच, नुसती उकडून दिली तर ते अंगी नीट लागत नाही. मासे खात असतील तर बांगडा, तारली. आमच्याकडे दिवाळे गावच्या कोळणीकडून आठवड्यातून दोनदा येतात. एकच, रक्त पातळ करायची वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तर पालेभाजी एकदम वाढवू नकोस, डॉक्टरांना विचार.

वाशी_सेक्टर१७:
खाणं ठीकच पण आमचं सांगतो. बाबा एकदा म्हणाले, खिडकीचं ग्रिल वाकलंय, सुताराला बोलव. मी हात फिरवून बघितलं, गज सरळसोट होता. डावा डोळा झाकला की त्यांना मधला गज लाटेसारखा दिसायचा. आम्ही चष्मा बदलून आणला आणि दोन महिने घालवले, तेवढ्यात पडद्याखाली पाणी साठलं, मग डोळ्यात इंजेक्शनं. आता बरंच दिसतं पण पेपर वाचता येत नाही. ते दोन महिने मला अजून छळतात. आईंना आठवड्यातून एकदा एकेक डोळा झाकून ग्रिल नाहीतर बाथरूमच्या टाइल्सच्या रेघा बघायला लावा. वाकडं दिसलं की त्याच आठवड्यात रेटिनावाल्याकडे, म्हणजे पडद्याच्या डॉक्टरकडे.

चष्मा_तपासनीस_ठाणे:
वर सांगितलंय ते अगदी बरोबर. गोळ्यांचं म्हणाल तर २०१३ च्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासातला डोस म्हणजे ल्युटीन १० मिग्रॅ, झियाझँथिन (ल्युटीनसारखंच पडद्यातलं पिवळं द्रव्य) २ मिग्रॅ, सोबत जस्त, तांबं, क आणि ई जीवनसत्त्व. झीज मध्यम टप्प्यावर असेल तरच त्याने पुढचा बिघाड लांबतो, चांगल्या पडद्याला झीज लागूच नये म्हणून त्याचा उपयोग दिसलेला नाही. त्यामुळे तपासणीआधी गोळ्या नकोत. घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर ती सुटायला हवी, पडद्याचं तिच्याइतकं नुकसान थोड्याच गोष्टी करतात, आणि ओढणाऱ्याने बीटा कॅरोटीनची (गाजराला रंग देणारं द्रव्य, त्याचं अंगात अ जीवनसत्त्व होतं) गोळी तर घेऊच नये, फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. शुगर असल्यावर बाहुली मोठी करणारे ड्रॉप टाकून पडदा दरवर्षी बघायचाच, दिसण्याची तक्रार नसली तरी. शुगर आणि बीपी ताब्यात ठेवणं हे कुठल्याही भाजीच्या आधी.

नौपाड्याची_लेक:
आत्ताच आईला एकेक डोळा झाकून ग्रिल दाखवलं, दोन्ही डोळ्यांनी सरळ दिसतंय म्हणाली, मला हायसं वाटलं. पण ड्रॉप टाकून पडदा कधीच बघितलेला नाही, आम्ही इतकी वर्षं नुसता नंबर काढून येत होतो. शनिवारची वेळ घेतलीय. स्कूटरवरून नेलं तर चालेल का?

चष्मा_तपासनीस_ठाणे:
रिक्षाने न्या. चार-पाच तास धूसर दिसतं, उजेड बोचतो. गॉगल बरोबर ठेवा आणि जिना उतरताना हात धरा.