मदत हवी आहे: पाचातलं एक पिल्लू मागे पडतंय, भावंडांपासून वेगळं काढू का?

घरातल्या मांजरीला पाच पिल्लं झालीत, आज अकरावा दिवस. चौथ्या दिवसापासून रोज रात्री किचनच्या डिजिटल काट्यावर वजन करतेय. सगळ्यात जाडं १४० वरून २३५ ग्रॅमवर गेलं आणि आमचं लिंबूटिंबू ९५ वरून जेमतेम १५०. वाढतंय रोज, पण अगदी गोगलगायीसारखं. बाकीच्यांचे डोळे टक्क उघडलेत, याचा एकच किलकिला झालाय.

प्रॉब्लेम असा की आई आडवी झाली रे झाली की दोन जाडे याच्या डोक्यावर पाय देऊन घुसतात, हे लुचायला लागतं न लागतं तोच ढुशी बसते, तोंडातून सुटतं, मग परत शोधाशोध, तोवर आई उठलेली असते. म्हणून काल वेगळ्या खोक्यात टॉवेलवर ठेवलं, म्हटलं बाटलीने पाजू. तासभर केकाटून घर डोक्यावर घेतलं, हात लावला तर पंजे गार! घाबरून परत ढिगात सोडलं तर पाच मिनिटांत सगळ्यांच्या खाली शिरून गाढ झोपलं. म्हणजे ज्यांच्यामुळे उपाशी राहतंय त्यांच्याच अंगाखाली ऊब शोधतंय. काय करू? आणि ते कायम शेवटच्याच सडाला लागतं, तिथे दूध कमी येतं का?

प्रतिसाद १
वेगळं अजिबात नको. या वयात त्यांना स्वतःचं अंग नीट गरम ठेवता येत नाही, एकटं पडलं की प्यायलेलं दूध ऊब टिकवण्यातच खर्ची पडतं. सशांचं बघा, आई दिवसातून एकदाच येते, तीन-चार मिनिटं पाजते आणि जाते, उरलेला दिवस पिल्लं एकमेकांना चिकटून. ढिगाच्या मधलं पिल्लू जास्त गरम राहतं आणि तेवढ्याच दुधात जास्त वजन धरतं. अर्थात मधली जागाही बहुतेक वजनदार पिल्लंच पटकावतात, ते सोडा.

सडाचं टेन्शन घेऊ नका. डुकराच्या पिल्लांत पुढच्या सडांना दूध जास्त, त्यासाठी ती जन्मतःच असलेल्या सुळ्यांनी भांडतात. मांजराची पिल्लंही पहिल्या काही दिवसांतच आपापलं सड धरतात, पण तिथे जागेवरून वजनाचा असा हिशोब लागत नाही.

उपाय सोपा आहे, पाजायच्या वेळी दोन जाड्यांना दहा-पंधरा मिनिटं उबदार कपड्यात बाजूला ठेवा, याला निवांत पिऊ द्या. बाटली लागलीच तर मांजराच्या पिल्लांची दूध पावडर आणा, गायीचं दूध नको, आणि अंग गार असेल तर आधी ऊब, मग दूध. एक दिवस जरी वजन वाढलं नाही तरी व्हेटकडे न्या, वाट बघू नका.

धागाकर्ती
केलं! जाड्यांना उचललं, चांगली दोन सडं मोकळी झाली, तर हे बेणं त्यांच्यावरून तसंच सरपटत आपल्या शेवटच्या सडाला जाऊन चिकटलं. हसावं की रडावं. पण या वेळी ढुशी मारायला कोणी नव्हतं, सलग प्यायलं, पंजे दाबत. आज रात्री १६२. जाडे टॉवेलमधून बोंबलत होते, त्यांना आता परत टाकलंय, लिंबूटिंबू मध्ये गाडलं गेलंय, फक्त शेपूट दिसतेय.