सल्ला हवा: ऑर्कनीतल्या भयकथेसाठी कुठलं पाणभूत?

टिटवी:
दिवाळी अंकासाठी भयकथा लिहिते आहे. स्थळ स्कॉटलंडच्या उत्तरेची ऑर्कनी बेटं, काळ १८वं शतक. समुद्रातून केल्पी (घोड्याच्या रूपातलं स्कॉटिश पाणभूत) येतो, पीक करपतं, घोडी रोगाने मरतात, नायक ओढा ओलांडून निसटतो. केल्पी चालेल का?

खाडीकाठ:
नाही चालणार. तिथल्या लोककथांत आधी पाणी बघायचं, मग भूत ठरवायचं. केल्पी नदी-ओढ्यांचा. ओढा हेच त्याचं घर, मग तो ओलांडून सुटका कशी होईल? तळ्यांत आणि समुद्राच्या खाड्यांत असतो तो एख-उश्का, तोही घोड्याच्या रूपातला. त्याच्या पाठीवर बसलेला माणूस कातडीला चिकटतो, तळाशी ओढला जातो आणि नंतर फक्त यकृत काठाला लागतं. (याला 'पाणघोडा' म्हणू नका, वाचकांना हिप्पो दिसेल.) पण हा हायलँड्सचा, म्हणजे स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवरच्या डोंगराळ भागाचा, ऑर्कनीचा नव्हे.

तुमच्या आराखड्यात नकलावी हवा. तो ऑर्कनीचाच, समुद्रातून वर येणारा. घोडा आणि स्वार एकाच देहात, अंगावर कातडी नाही, पिवळ्या शिरांतून काळं रक्त वाहताना दिसतं. त्याच्या श्वासाने पीक करपतं. गोडं पाणी त्याला सोसत नाही, म्हणजे तुमचा ओढा जसाच्या तसा राहील. मात्र तो येतो त्या रात्री पाऊस पाडू नका. पाऊसही गोडं पाणीच, त्यात तो बाहेर पडत नाही. नुसता कोरडा वारा ठेवा.

रोगाचं कारणही तयार आहे. स्ट्रॉन्से बेटावर १७२२ मध्ये समुद्रशेवाळ जाळून राख करण्याचा धंदा सुरू झाला. काच आणि साबणासाठी ती राख लागे. त्या धुराने चवताळून नकलावीने घोड्यांवर 'मॉर्टाशीन' हा रोग सोडला, असं सांगतात. कथा त्या वर्षाच्या आधी नेऊ नका.

टिटवी:
धूर आणि रोग एकाच आठवड्यात दाखवले तर?

भरती_ओहोटी:
तिथेच गाडी अडेल. शेवाळ उन्हाळ्यात सुकवून जाळत, आणि उन्हाळाभर 'मिदर ओ द सी', म्हणजे समुद्रमाता, नकलावीला कोंडून ठेवते. शरदात तेरान, म्हणजे हिवाळ्याचं समुद्री भूत, तिला हरवतो, त्यानंतरच तो मोकळा होतो. भट्ट्या जूनमध्ये पेटू द्या, घोडी नोव्हेंबरात मरू द्या. मधले महिने गावाने धूर विसरावा, भीती तिथेच मुरते.

त्या राखेला 'केल्प' म्हणतात. केल्पीशी घोळ होईल, तेव्हा 'शेवाळाची राख' लिहा. 'आसरा' (पाण्यातल्या देवता) हा शब्दही टाळा. आसरांची आपण ओटी भरतो, नकलावीची मात्र नुसती भीती. नकलावीचं नाव तोंडातून निघालं तर लोक लगेच प्रार्थना पुटपुटत.

पाठलागाला चिंचोळी वाट द्या: एकीकडे समुद्र, दुसरीकडे गोड्या पाण्याचं तळं. टॅमस नावाच्या माणसाच्या पारंपरिक कथेत धावताना तळ्याचं पाणी उडून नकलावीच्या पुढच्या पायावर पडतं आणि तो बिचकतो. तेवढ्या अवधीत टॅमस ओढ्यापलीकडे उडी घेतो. नकलावीच्या हाती राहते फक्त टोपी.