खडी गंमतीची गाणी रेडिओवर लावायची आहेत. गावाला कम्युनिटी रेडिओ काढता येतो काय?

धानाची बांधी, लाखांदूर:
नमस्कार मंडळी. आमचे मोठेबाबा चाळीस वर्षं खडी गंमतीत, म्हणजे आमच्याकडच्या डफ-तुणतुण्यावरच्या लोककलेत, शाहीर होते. आता वय 78, आवाज बसला, पण कवनं सारी पाठ आहेत. घरी त्यांच्या नऊ कॅसेटी होत्या. यंदाच्या पावसाळ्यात पेटी उघडली तं सहा कॅसेटींना बुरशी. वाचलेल्या तीन मी फोनवर उतरवून यूट्यूबवर टाकल्या. दोन महिन्यांत 41 जणांनी पाहिल्या, बहुतेक नातेवाईकच. मोठेबाबांना दाखवलं तं म्हणाले, "बाबू, हे आपल्या मंडईतल्या लोकायनं ऐकलं काय?"

त्या प्रश्नानं मला झोप नाही. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. दिवसभर डफ-तुणतुण्यावर गंमत, रात्री नाटक. आता आमच्या गावात दिवसाही डीजेच वाजतो. आम्ही आठ-दहा पोरं मिळून कम्युनिटी रेडिओ, म्हणजे आसपासच्या गावांपुरतं लोकांनीच चालवायचं केंद्र, काढू शकतो काय? आणि त्याच्यावर गाणी चालतात, की फक्त शेतीचे सल्ले द्यायचे?

माइकवाली, यवतमाळ:
दादा, मी सहा वर्षं एका कम्युनिटी रेडिओवर काम केलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एकट्यादुकट्याला किंवा नुसत्या मित्रमंडळाला परवाना मिळत नाही. 2002 मध्ये हे फक्त शिक्षणसंस्थांना खुलं झालं, 2006 च्या धोरणानं स्वयंसेवी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांनाही. संस्था नोंदणीकृत हवी आणि तिचं किमान तीन वर्षांचं काम हवं. तुमच्या भंडारा जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र साकोलीला आहे, आधी तिथं जाऊन बोला. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या लावता येतात. गाणी मात्र हवी तेवढी. निम्मे तरी कार्यक्रम तिथल्याच लोकांनी केलेले असावेत असा नियमच आहे.

100 वॅटचं प्रक्षेपण दहा-पंधरा किलोमीटर जातं. लोकांना हे कमी वाटतं, मला नाही वाटत. तुमचे मोठेबाबा ज्या मंडयांत गायले, त्यातल्या बऱ्याच तेवढ्या घेऱ्यात येतील.

आम्ही एकदा एका आजीच्या जात्यावरच्या ओव्या संध्याकाळी लावल्या. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावातून तीन बाया आल्या. म्हणाल्या, ही ओवी आमच्याकडे पुढं वेगळीच जाते. त्यांना तिथंच माइकपुढं बसवलं. मग त्यांची ऐकून आणखी कोणी आलं. यूट्यूबवर ऐकणारा कुठचाही असतो. इथं तो सायकलवर येऊन तुमची ओळ दुरुस्त करतो. रेडिओ मला त्यासाठीच हवा वाटतो.

एक सांभाळा. शाहीर आणि भजनी मंडळं पुष्कळदा सिनेमाच्या चालीवर आपले शब्द बसवतात. मंडईत ते खपून जातं, पण प्रसारणात चालीच्या मालकीचा प्रश्न येतो. तशी गाणी वेगळी काढून ठेवा.

आणि परवान्याची वाट पाहू नका, रेकॉर्डिंग आजपासून करा. पंखा बंद, भिंतीला गोधड्या, फोन शाहिराच्या तोंडापासून वीतभर. डफवाल्याला चार पावलं मागं बसवा, नाहीतर शब्द गिळले जातात. गाणं कोणाकडून शिकले, कोणत्या गावात, हे त्यांच्याच तोंडून सुरुवातीला बोलवून घ्या.

रोवणीवाली, पवनी:
पुरुषांची गंमत भराल आणि बायांची गाणी राहून जातील, म्हणून लिहिते. रोवणीच्या गाण्यांचं काय? पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, लावताना एका बांधीत पंधरा-वीस बाया गात असायच्या. माझी सासू गायची. ती गेली तेव्हा एकही गाणं कुठं भरलेलं नव्हतं, आणि हे मला आजही लागतं. भुलाबाईची गाणीसुद्धा घ्या.

दुसरं, ऐकणार कशावर? फोनमधल्या एफएमला इअरफोनची वायर लागते, तीच अँटेना असते. नव्या बऱ्याच फोनांत एफएमच नाही. सरकारनं 2023 मध्ये कंपन्यांना तो सुरू ठेवायला सांगितलं, पण आमच्या गावात फरक दिसला नाही. पानठेल्यावर, गिरणीवर एकेक रेडिओ संच ठेवून द्या, तिथं लोक थांबतात.

वाटसरू:
तेलंगणात माचनूरला 'संघम रेडिओ' 2008 पासून दलित शेतकरी बाया चालवतात. जमलं तर तिथं जाऊन या.

धानाची बांधी, लाखांदूर:
ताई, तुमचं सारं वहीत उतरवलं. साकोलीला सोमवारी जातो. पवनीच्या ताई, तुमचं वाचून आईला विचारलं. तिला रोवणीची चार गाणी येतात. इतक्या वर्षांत मी तिला कधी विचारलंच नव्हतं. तिचीच आधी भरतो.

काल रात्री गोधड्या टांगून मोठेबाबांना बसवलं. धान आणि कापूस यांच्या भांडणाचं एक कवन आहे, सवाल-जवाबाचं. धानाचे तिन्ही सवाल त्यांनी म्हटले. कापसाचा तिसरा जवाब काही केल्या आठवेना, तिथंच थांबले. यवतमाळच्या ताई, तुमच्याकडे कापसाचा मुलूख. तिकडच्या कोण्या जुन्या शाहिराला विचारून पाहाल काय? मी त्यांचं रेकॉर्डिंग तिथवर ठेवलं आहे, पुढची जागा मोकळी आहे.